घरात-दुकानात माश्या झाल्या? नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

मी नागपुरात पेस्ट कंट्रोलचं काम करतो. जूनच्या मध्यात पाऊस लागला की झुरळं-ढेकणांचे फोन मागे पडतात आणि माश्यांचे सुरू होतात. महालातल्या जुन्या वाड्यातून येतात तसेच वर्धा रोडवरच्या हॉटेलांतूनही येतात. विचारणारे वेगळे असले तरी प्रश्न तेच असतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

मे महिन्यात माश्या कमी होत्या, पाऊस पडताच एवढ्या कुठून आल्या?

माशीच्या अळीला ओल लागते. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा उघड्यावरचा कचरा आणि शेण दुपारपर्यंत वाळून कडक होतं. त्यात अंडी टिकत नाहीत, अळ्याही सुकून मरतात. पहिल्या दोन-तीन सरी पडल्या की तोच कचरा भिजतो, ऊन उतरतं आणि माशीला हवं तसं ३० अंशांच्या आगेमागे हवामान मिळतं. मग जुलै ते सप्टेंबर त्यांचा जोर. तान्ह्या पोळ्याला आपण काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांसमोर ‘ईडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ म्हणतो, ते दिवसही नेमके याच काळात येतात. आपल्या आधीच्या लोकांनी रोगराईचा हंगाम बरोबर ओळखला होता असं मला प्रत्येक वर्षी वाटतं.

थंडीत माशीची वाढ हळू होते, थांबत नाही. संत्र्याच्या दिवसांत सालींचे ढीग ओले राहिले तर डिसेंबरातही माश्या दिसतात.

रोज स्प्रे मारतो, तरी दुसऱ्या दिवशी तेवढ्याच. नेमकी माशी कुठे शिंकते?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

घरमाशीची एक मादी एका वेळी शंभर-सव्वाशे अंडी घालते, आणि आयुष्यात असं चार-पाच वेळा. पावसाळी उकाड्यात ती अंडी एका दिवसाच्या आत फुटतात. पांढऱ्या अळ्या चार-पाच दिवस सडक्या ओल्या पदार्थात खातात, मग तिथून सरकत कोरडी जागा गाठतात आणि तपकिरी कोश करून बसतात. कोशातून माशी निघते. अंड्यापासून माशीपर्यंत सगळा कारभार सात ते दहा दिवसांत उरकतो.

तुम्ही स्प्रे मारता तेव्हा फक्त उडणाऱ्या माश्या मरतात. त्याच वेळी त्यांच्या कितीतरी पट अळ्या आणि कोश कुठेतरी तयार होत असतात, आणि स्प्रे त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. उद्याच्या माश्या कालच्या अळ्यांतून येतात. शिवाय एकच औषध महिनोन्‌महिने मारलं की त्याला न मरणाऱ्या माश्या मागे उरतात आणि त्यांचीच पिल्लावळ वाढते. मग माणूस औषधाचं प्रमाण वाढवतो, आणि ते औषध माशीपेक्षा घरातल्या लेकरांच्या नाकातोंडात जास्त जातं.

म्हणून मी गिऱ्हाइकाकडे गेलो की पंप गाडीतच ठेवतो. आधी अळ्यांची जागा शोधायची. ती सापडली की अर्ध्याहून जास्त काम झालं असं समजा.

ती जागा शोधायची कशी?

एक उदाहरण सांगतो. विद्यार्थ्यांची एक मेस होती. मालकीणबाई टापटिपीच्या, ओटा आरशासारखा, फरशी दिवसातून तीनदा पुसलेली. तरी जेवणाच्या टेबलांवर माश्या भणभणत होत्या. ताई जवळजवळ रडकुंडीला आल्या होत्या. मी चाकांचा मोठा कचऱ्याचा डबा बाहेर ओढला. काळी पिशवी रोज बदलली जायची, पण पिशवीला कधीतरी भोक पडलं होतं आणि डब्याच्या तळाशी चार बोटं रस्सा साचला होता. त्यात भाताची शितं दिसत होती. टॉर्च मारला तर ती शितं हलत होती. ताईंनी तोंडाला पदर लावला. डबा उन्हात उलटा करून, ब्लीचिंग पावडर टाकून घासला. भिंतीकडेला जिथे डबा उभा असायचा तिथली माती खरवडली तर तिथे गव्हाच्या दाण्याएवढे तपकिरी कोश मूठभर निघाले. फवारणी केली नाही. आठ-दहा दिवसांनी फोन करून विचारलं, तर जेवायला बसणाऱ्या पोरांनीच फरक ओळखला होता.

तुमच्याकडे शोधताना नाकाचा आणि टॉर्चचा वापर करा. कचऱ्याच्या डब्याचा तळ आणि झाकणाची कड बघा. फ्रिजच्या मागचा पाणी साचणारा ट्रे, ओट्याखाली टांगलेली ओली पोतेरी, कांद्या-बटाट्याच्या टोपलीतला तळाचा एक सडका बटाटा, कुत्र्या-मांजराचं ताट, बाळाचे डायपर गुंडाळून ठेवलेली पिशवी, गणपतीतल्या निर्माल्याची विसरलेली थैली – यांतली एखादी गोष्ट असतेच. घरात काही सापडलं नाही तर घराभोवती फिरा. माशी दोन-तीन किलोमीटर सहज उडते, पण घरात रोज पन्नास-शंभर दिसत असतील तर मूळ सहसा हाकेच्या अंतरावर असतं.

सगळ्या माश्या सारख्याच असतात का?

नाही, आणि कोणती आहे हे कळलं की जागा आपोआप कळते. राखाडी, पाठीवर चार काळसर पट्टे असलेली ती घरमाशी, म्हणजे ओला कचरा किंवा शेण. चकचकीत हिरवी-निळी मोठी माशी मांस-मासळी आणि मेलेल्या जनावरावर येते. अगदी बारीक, पिवळट अंगाची, लाल डोळ्यांची चिलटं पिकल्या फळांवर. आणि बाथरूमच्या टाइल्सवर गप्प बसलेली, छोट्या केसाळ पतंगासारखी दिसणारी ती नालीची माशी.

बंद खोलीत अचानक वीस-पंचवीस मोठ्या निळ्या-हिरव्या माश्या खिडकीवर आल्या. का?

जवळ उंदीर, घूस किंवा पाखरू मेलेलं आहे. उंदराचं औषध टाकल्यावर आठवडाभराने असा फोन हमखास येतो. फॉल्स सीलिंगवर, कूलरच्या मागे, जुन्या दिवाणात, गच्चीवरच्या टाकीच्या फटीत बघा. ते काढलं की माश्या दोन-चार दिवसांत संपतात. स्प्रेची गरज पडत नाही.

स्वयंपाकघरातली चिलटं काही केल्या जात नाहीत.

आंबे, केळी, संत्री उघडी ठेवू नका; एकही फळ फुटलेलं असेल तर ते आधी काढा. कोल्ड ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्यांच्या तळाशी उरलेला घोट, भंगारवाल्यासाठी जमवलेले टेट्रापॅक, ओला मॉप, हेही तपासा. मग वाटीत थोडं व्हिनेगर घ्या, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका आणि ओट्यावर ठेवा. वासाने चिलटं येतात आणि साबणामुळे पाण्यावर बसता न आल्याने बुडतात. हा घरगुती उपाय मी स्वतः घरी वापरतो. पण फळ तसंच सडत ठेवून नुसती वाटी मांडली तर काही उपयोग नाही.

बाथरूममध्ये रोज सकाळी बारीक केसाळ माश्या. नालीतूनच येतात हे कसं ओळखू?

रात्री जाळी कोरडी करून तिच्यावर चिकटपट्टी लावा, चिकट बाजू खाली, हवेला थोडी फट ठेवून. असं तीन-चार रात्री करा. पट्टीला माश्या चिकटल्या तर त्या तिथूनच येत आहेत.

आता बहुतेकांची चूक होते ती इथे. लोक उकळतं पाणी आणि फिनेल ओततात. पाइपच्या आतल्या भिंतीवर केस, साबण आणि मळाचा बुळबुळीत थर असतो, अळ्या त्या थराच्या आत असतात आणि वरून ओतलेलं सगळं त्यांच्या अंगावरून वाहून जातं. थर खरवडूनच काढावा लागतो. लांब दांड्याचा बाटलीचा ब्रश घ्या, जाळी आणि तिच्याखालची वाटी काढून घासा, मग गरम पाणी सोडा. वापरात नसलेल्या बाथरूमच्या जाळीत आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतत जा.

खूप घासूनही बारीक, कुबड्या पाठीच्या, उडण्याआधी तुरुतुरु पळणाऱ्या माश्या येत असतील तर फरशीखालची गडरलाइन (सांडपाण्याचा पाइप) फुटून माती भिजली असण्याची शक्यता धरा. ते काम प्लंबरचं आहे, आमचं नाही.

पावसाळ्यात माशी पायाला चावते. घरमाशी चावते का?

घरमाशीला चावता येत नाही, तिचं तोंड स्पंजसारखं असतं. चावते ती गोठ्याकडची माशी. दिसायला अगदी घरमाशीसारखी, पण तोंडाला पुढे आलेली सुई. जवळपास जनावरं किंवा भिजून कुजलेला कडबा असतो.

अन्नावर एकदा बसली तर एवढं काय होतं?

माशीला घन पदार्थ खाता येत नाही. ती पोह्यावर बसली की आधी पोटातलं पाणी त्यावर टाकते, अन्न विरघळवते आणि मग शोषते. शिवाय बसल्या जागी विष्ठाही करते. ट्यूबलाइटवर आणि वायरींवर दिसणारे काळे-तपकिरी ठिपके तेच. पाच मिनिटांपूर्वी ती उघड्या नालीवर किंवा विष्ठेवर बसलेली असू शकते. हगवण, अतिसार, टायफॉइड, कॉलरा यांचे जंतू ती अशा रीतीने पायांवरून आणि पोटातून वाहून आणते.

एका पावसाळ्यात माझ्या धाकट्या भाचीला जुलाबाने तीन दिवस सलाइनवर ठेवावं लागलं होतं. माशीमुळेच झालं असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. पण त्या तीन रात्रींनंतर ताटावरची माशी मी हलक्यात घेत नाही. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर अन्न झाकण्यात हयगय करू नका, आणि जुलाब लागलेच तर ओआरएस सुरू करून डॉक्टरकडे न्या.

कापूर, लवंग-लिंबू, दारात टांगलेली पाण्याची पिशवी – यांचा उपयोग होतो का?

कापूर आणि लवंगेच्या वासाने टेबलाच्या तेवढ्या कोपऱ्यात थोडा वेळ माशी कमी बसते, इतकंच. पाण्याच्या पिशवीने माशी घाबरते याचा मला आजवर अनुभव नाही. त्या पिशवीवरच बसलेल्या माश्या पाहिल्या आहेत. टेबलफॅन मात्र खरंच कामाचा. वाऱ्याच्या झोतात माशीला नीट उडता-बसता येत नाही. खिडक्यांना मच्छरजाळी आणि दाराला आपोआप लागणारं जाळीचं दार केलं तर वर्षानुवर्षं उपयोग होतो.

नुवान मारलं तर? आधी सगळे तेच वापरायचे.

नका मारू. नुवान म्हणजे डायक्लोरव्हॉस. केंद्र सरकारने २०१८ मध्ये ज्या १८ कीटकनाशकांवर बंदी आणली त्यांत ते आहे आणि ३१ डिसेंबर २०२० पासून ते पूर्ण बंद आहे. त्याची वाफ श्वासावाटे अंगात जाते. कोणी जुन्या बाटलीतलं काढून देत असेल, ‘चांगलं स्ट्राँग आहे’ म्हणत असेल, तर त्याला स्वयंपाकघराच्या आसपासही येऊ देऊ नका. शेतातलं औषध घरात फवारणं तितकंच वाईट.

माशीसाठी साखर मिसळलेलं दाणेदार आमिष मिळतं. ते घराबाहेर, कचऱ्याच्या जागेजवळ, मुलं आणि जनावरं पोचणार नाहीत असं ठेवायचं. ओट्यावर किंवा दुकानातल्या काउंटरवर कधीच नाही.

गच्चीवर कंपोस्ट करतो, त्यात किडे झाले. फेकून द्यावं का?

आधी किडा बघा. बारीक, मऊ, पांढऱ्या अळ्या असतील तर घरमाशी असू शकते: खत फार ओलं झालं आहे. वाळलेला पाला, लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती मिसळा, दर वेळी ओला कचरा टाकल्यावर वरून दोन-तीन बोटं कोरडा थर द्या, ढीग हलवत राहा. चांगला तापलेला ढीग आतून अळ्यांना सहन होत नाही.

पण अळ्या मोठ्या, चपट्या, करड्या-तपकिरी, कातडी जाड असलेल्या असतील तर त्या काळ्या सोल्जर माशीच्या. त्यांना मारू नका. त्या कचरा झपाट्याने संपवतात, आणि त्या असल्या की घरमाशी तिथे फारशी वाढत नाही. त्यांची मोठी माशी गांधीलमाशीसारखी दिसते, पण ती डंख मारत नाही आणि ताटावर येऊन बसत नाही. डब्याला झाकण ठेवलं की झालं.

हॉटेलात निळ्या दिव्याचं मशीन लावलं, तरी माश्या आहेत.

बहुतेक वेळा मशीन चुकीच्या जागी असतं. दारासमोर लावलं तर बाहेरच्या माश्याही त्या उजेडाला आत येतात. खिडकीशेजारी लावलं तर सूर्यप्रकाशापुढे त्याचा उजेड फिका पडतो. ते आतल्या बाजूला, बाहेरून न दिसेल असं, माणसाच्या डोक्याच्या आसपास उंचीवर भिंतीला लावा. जेवण बनवण्याच्या, वाढण्याच्या जागेच्या वर कधीही नको. तारेचा शॉक देणाऱ्या मशीनमध्ये माशीचे तुकडे उडतात आणि ते थेट भाजीत पडू शकतात. स्वयंपाकघरात चिकट कागदाचं मशीन घ्या आणि कागद भरला की बदला.

ट्यूबचं एक कोणी सांगत नाही. ती निळी दिसत राहते, पण माशीला खेचणारा अतिनील प्रकाश काही महिन्यांत उतरत जातो. वर्षातून एकदा ट्यूब बदला, आणि ती मे अखेर बदला म्हणजे नवी ट्यूब पावसाळ्याला मिळेल.

दारावरचा एअर कर्टन, म्हणजे वरून हवेचा झोत सोडणारं यंत्र, दाराच्या पूर्ण रुंदीचा हवा आणि दार उघडं असेपर्यंत चालू हवा. माल उतरवायच्या मागच्या दाराकडे सगळे विसरतात. सावजी हॉटेलांत मटण आणि कोंबडी ज्या दाराने येते, माश्याही त्याच दाराने येतात. तिथे प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लावा.

तपासणीला अधिकारी आले तर काय बघतात?

अन्न व्यवसायासाठी एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना किंवा नोंदणी लागते, आणि २०११ च्या नियमांच्या चौथ्या परिशिष्टात कीड नियंत्रण सक्तीचं आहे. कीड आत येऊ नये अशी दारं, जाळ्या, नाल्या. झाकणाचे कचऱ्याचे डबे. आणि कोणत्या तारखेला, कुठे, कोणतं औषध वापरलं याची नोंद. ती वही जपा. खरं सांगतो, वही फक्त अधिकाऱ्यासाठी नाही. कोणत्या आठवड्यात माश्या वाढल्या हे दोन वर्षांच्या नोंदींतून दिसतं आणि पुढच्या वेळी तुम्ही आधीच तयार राहता.

माझा तर्री-पोह्याचा ठेला आहे. एवढं सगळं मला कसं जमणार?

जमतं, भाऊ. पोह्याच्या ढिगावर काचेचं किंवा जाळीचं झाकण, चिरलेला कांदा-सांबार (कोथिंबीर) झाकणाच्या डब्यात, खरकट्या प्लेटांची बादली गिऱ्हाइकाच्या पायाशी नको, दहा पावलं लांब आणि झाकलेली. रात्री निघताना ठेल्याखालची जागा पाण्याने धुऊन कोरडी करा. रसवंतीवाल्यांनी चिपाड संध्याकाळपर्यंत ठेवू नये, चरकाचे रूळ दोन-दोन तासांनी धुवावेत. मटणाच्या दुकानात आतडी-चरबी उघड्या टोपलीत राहिली की दुसरं काही केलं तरी फुकट.

गोठा घराला लागून आहे.

शेणाचा उंच ओला ढीग माशीला सगळ्यात आवडतो. गोवऱ्या थापा किंवा शेण उन्हात पातळ पसरा, म्हणजे अळी होण्याआधीच ते वाळतं. पावसात ऊन नसेल तर खड्डा ताडपत्रीने गच्च झाका आणि कडेची माती तपासत राहा, कारण अळ्या कोशात जायला तिथेच सरकतात. मूत आणि धुण्याचं पाणी वाहून जायला उतार हवा.

शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर लोक कचरा टाकतात. मी काय करू?

महापालिकेच्या तुमच्या झोन ऑफिसमध्ये लेखी तक्रार द्या, सोबत तारखेसह फोटो जोडा आणि पोच घ्या. गल्लीतल्या पाच-सात घरांच्या सह्या असल्या तर आणखी बरं. आपल्या बाजूने, ओला कचरा गाडी येईल तेव्हाच बाहेर काढा आणि तीन दिवसांपेक्षा जास्त कधी साठवू नका. अळी कोशात जायच्या आत कचरा उचलला गेला की तिथेच साखळी तुटते.

पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावताना काय विचारावं?

कृषी खात्याने कीटकनाशक कायद्याखाली दिलेला परवाना दाखवा म्हणा. औषधाचं नाव, लेबल आणि ते वापरल्यावर किती वेळ खोलीत जायचं नाही हे विचारा. आणि एक गोष्ट डोळ्यांनी बघा: तो आल्या आल्या पंप उपसतो की आधी डबे, जाळ्या, नाली तपासतो. न बघता फवारून पैसे मागणाऱ्याला परत पाठवा.

किती दिवसांत फरक पडेल?

जागा आज साफ केली तरी कोशातल्या माश्या पुढचा आठवडाभर निघतच राहतील. तेवढ्याने ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडून देऊ नका. रोज एका ठरावीक वेळी, ठरावीक भिंतीवरच्या माश्या मोजून कॅलेंडरवर आकडा लिहा. दहा-बारा दिवसांनी आकडा उतरला नाही तर अळ्यांची आणखी एक जागा राहिली आहे. पुन्हा टॉर्च घ्या आणि या वेळी फ्रिजच्या मागून सुरुवात करा.